वर, खाली, आत, पलीकडे: लहान मुलांना जागेची आणि आकारांची भाषा शिकवताना

बालवाडीतल्या माझ्या पहिल्या वर्षी मी भिंतीवर आकारांचा रंगीत तक्ता लावला होता. रोज छडीने दाखवायचं आणि मुलांनी एका सुरात म्हणायचं: गोल, चौकोन, त्रिकोण. दिवाळीपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. मग एक दिवस अंगणात खडूने एक मोठा त्रिकोण काढला, टोक माझ्याकडे आणि खालच्या बाजूला. विचारलं, हे काय? कुणीच बोलेना. एका साडेचार वर्षांच्या मुलीने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "ताई, हा पडलाय." मग ती चालत चालत आकृतीच्या पलीकडे गेली, तिथून बघितलं आणि हसली. "आता आहे त्रिकोण."

त्या दिवशी मला कळलं की माझ्या मुलांना त्रिकोण येत नव्हता, तक्त्यावरचं चित्र येत होतं. ती मुलगी मात्र स्वतः उठून आकृतीभोवती फिरली, आणि खरी भूमिती तिने केली. त्यानंतर मी तक्ता काढून ठेवला. शब्द आधी अंगात, मग वस्तूंत आणि सगळ्यात शेवटी कागदावर, या क्रमाने शिकवायला लागले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा, आजीआजोबा आणि नव्याने बालवाडी-अंगणवाडीत रुजू झालेल्या ताई यांच्यासाठी तो क्रम इथे लिहिते आहे.

आधी काय जमवायचं

विकत घ्यावं असं यात फार काही नाही.

- रिकाम्या काडेपेट्या चार-पाच (काड्या काढून टाकलेल्या)
- एक झाकणाचा डबा, दोन वाट्या, एक ताट, एक चमचा
- चेंडू, लिंबू, जुन्या बांगड्या
- चार-पाच मीटर सुतळी आणि जाड खडू
- आतलं दिसणार नाही अशी कापडी पिशवी
- मूठभर हरभरे, रात्रभर भिजवलेले
- खराट्याच्या काड्या, बोटभर लांबीच्या, सारख्या तोडलेल्या
- चौरस कापलेले कागद, ठशांसाठी थोडा रंग

हरभरे आणि मणी नाकात, कानात किंवा घशात जाऊ शकतात. तीन वर्षांच्या आतलं मूल खोलीत असेल तर ते काढूच नका. मोठ्या मुलांनाही मोजून द्या, मोजून परत घ्या आणि तेवढा वेळ समोरून हलू नका. काड्यांची टोकं आधी बोथट करून घ्या.

१. 'ते तिकडचं दे' म्हणणं थांबवा

ही पायरी मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. एक दिवस स्वतःचं बोलणं ऐकून बघा. "ते घे." "इकडे ठेव." "तिकडे बघ." हात दाखवून काम भागतं, म्हणून जागेचे शब्द आपण वापरतच नाही. मुलाच्या कानावर पडलेच नाहीत तर ते त्याच्या तोंडी कुठून येणार?

त्याऐवजी असं बोला: "मांडणीच्या मधल्या फळीवर, पिठाच्या डब्याच्या शेजारी वाटी आहे, ती आण." "चपला उंबरठ्याच्या बाहेर काढ." "सूप दाराच्या मागे उभं करून ठेव." "बादली मागीलदारी, पायरीच्या कडेला आहे." सुरुवातीला मूल गोंधळेल, तेव्हा हात दाखवा, पण शब्दासकट. आठवडाभरात हात कमी करा.

मराठीत एक गोष्ट विशेष जपावी लागते. आपले जागेचे शब्द नामाला चिकटतात आणि चिकटताना नामाचं रूप बदलतं: डबा, पण डब्यात. विहीर, पण विहिरीत. घोडा, पण घोड्यावर. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेली मुलं, विशेषतः परदेशात वाढणारी, 'डबात' म्हणतात. तेव्हा "चूक, डब्यात म्हण" असं टोकू नका. "हो, डब्यात आहे ना लाडू? डब्यात किती आहेत?" एवढं म्हणा. बरोबर रूप दोनदा ऐकलं की पुरे.

'वर' हा शब्द तर तीन कामं करतो. पुस्तक टेबलावर असतं, म्हणजे टेकलेलं. दिवा टेबलाच्या वर असतो, म्हणजे मध्ये हवा. आणि पाल भिंतीवर असते, जिथे वर-खाली असं काहीच नाही. शिवाय पंखा छताला असतो, छतावर नसतो. एका मुलाने मला सांगितलं, "आमच्या छतावर पंखा आहे." मी त्याला अंगणात नेऊन छप्पर दाखवलं आणि विचारलं, कुठे आहे? तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "नाही, आतून चिकटलाय." 'छताला' हा शब्द त्याला मी त्या क्षणी दिला आणि तो त्याच्याकडे राहिला.

२. शब्द अंगात भरा

तळ्यात-मळ्यात हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि आत-बाहेर शिकवायला त्याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. सुतळीचं मोठं कडं जमिनीवर मांडा. आत तळं, बाहेर मळा. "तळ्यात!" म्हटलं की आत उडी, "मळ्यात!" म्हटलं की बाहेर. चार दिवस तेच खेळल्यावर शब्द बदला: "कडेवर!" म्हणजे सुतळीवर पाय. आत, बाहेर आणि कड या तीन जागा इथे पायांना कळतात. पुढे वर्तुळ शिकताना याच तीन जागा लागणार आहेत.

मग सुतळीचा आकार बदला: लांबट करा, वाकडातिकडा करा, चार कोपरे काढा. तळं तळंच राहतं. आकार बदलला तरी आत ते आतच, ही मोठी गोष्ट मुलांच्या सहज लक्षात येते.

बाकीचे शब्दही असेच: बाकाखालून रांगा, दोरीवरून उडी मारा, खांबाभोवती फिरा, दोघांच्या मधून पळा. करताना शब्द मोठ्याने म्हणायचा. 'मधून' आणि 'भोवती' हे 'वर-खाली'पेक्षा उशिरा पक्के होतात, घाई करू नका.

३. एक वाटी, एक चमचा

आता तेच शब्द वस्तूंवर. वाटी उताणी ठेवा, चमचा आत. वाटी पालथी घाला, चमचा खाली. चमचा वाटीवर आडवा. चमचा वाटीला टेकवून तिरपा. उताणं-पालथं, उभं-आडवं-तिरपं हे शब्द आपल्या घरांतून कमी ऐकू येऊ लागलेत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण एका शब्दात वस्तूची पूर्ण स्थिती सांगणारे असे शब्द हाताशी असणं हे मुलाचं भाग्य आहे. रोज पाच मिनिटं पुरतात. आधी तुम्ही सांगा आणि मुलाने ठेवावं, मग मुलाने सांगावं आणि तुम्ही ठेवा. दुसरा भाग टाळू नका. ऐकून कळणं आणि स्वतः शब्द काढणं यांत बरेचदा महिन्यांचं अंतर असतं.

४. पुढे-मागे, अलीकडे-पलीकडे

इथे मुलं अडखळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. खुर्चीला स्वतःचं पुढे-मागे असतं, चेंडूला नसतं. खुर्चीच्या मागे म्हणजे पाठीकडे, मी कुठेही उभी असले तरी. पण झाडाच्या मागे म्हणजे मी जिथून बघते तिथून पलीकडे. म्हणून आधी तोंड असलेल्या वस्तू घ्या: खुर्ची, खेळण्यातली बस, बाहुली, बैल. त्या पक्क्या झाल्या की मग झाड, माठ, चेंडू.

अलीकडे-पलीकडे शिकवायला ओढा, रस्ता किंवा खडूची एक रेघ घ्या. मूल रेघेच्या या बाजूला असताना विचारा, पलीकडे कोण आहे? मग त्याला रेघ ओलांडून जायला सांगा आणि तोच प्रश्न विचारा. उत्तर उलटं होतं! आपण हललो की शब्द हलतो, हे मुलांना फार आवडतं. माझ्याकडे यावर सकाळच्या सकाळी अर्धा तास गेलेला आहे.

एक सापळा सांगते. हेच शब्द आपण काळासाठीही वापरतो: मागच्या रविवारी, पुढच्या महिन्यात, अलीकडे तो येत नाही. जागेचे पुढे-मागे शिकवत असाल त्या दिवसांत काळाचे मुद्दाम शिकवायला घेऊ नका.

आमच्यासारख्या कोकणातल्या गावांत वरची वाडी आणि खालची वाडी असते. ते 'वर' म्हणजे आकाशाकडे नव्हे, चढाकडे. हे मुलांना न सांगताही कळलेलं असतं, पण एकदा मोठ्याने बोलून घ्या.

५. आधी भरीव वस्तू, मग सपाट आकार

बरेच जण कागदावरच्या गोल-चौकोनापासून सुरुवात करतात. मुलाच्या हातात मात्र जन्मापासून वस्तू येतात, चित्रं नाही. जर्मनीत फ्रोबेल या बालशिक्षणतज्ज्ञांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी आपलं काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या साधनांत सुरुवातीला लोकरीचा चेंडू होता आणि त्यानंतर लाकडी गोळा, वृत्तचिती (गोल डब्यासारखा आकार) आणि घन. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं, ते आजूबाजूला मिळणारे शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन. महागडं सामान नाही म्हणून अडून बसू नका.

एक पाट तिरपा टेकवा. एकेक वस्तू वरून सोडा. लिंबू घरंगळतं. काडेपेटी घसरते. डबा आडवा ठेवला तर घरंगळतो, उभा ठेवला तर घसरतो! हा डबा मुलांना थक्क करतो. तीन ढीग करा: नुसत्या घरंगळणाऱ्या, नुसत्या घसरणाऱ्या, दोन्ही करणाऱ्या. मग विचारा, एकावर एक काय रचता येईल? सपाट आणि वळलेलं पृष्ठ म्हणजे काय ते इथे समजतं. 'वृत्तचिती', 'इष्टिकाचिती' ही नावं मोठ्या इयत्तांची आहेत. आत्ता 'डब्यासारखं', 'काडेपेटीसारखं', 'भेळेच्या पुडीसारखं' पुरे.

पिशवीचा खेळही इथेच घ्या. हात आत घालायचा, बघायचं नाही, हाताला काय लागतं ते सांगायचं. टोक लागतंय? कड लागतेय? गुळगुळीत आहे? ओळखण्यापेक्षा वर्णनाला महत्त्व द्या.

६. ठसे

भरीव वस्तूकडून सपाट आकाराकडे जायचा पूल म्हणजे ठसा. काडेपेटीला रंग लावून कागदावर टेकवा. मोठ्या बाजूचा, कडेच्या पट्टीचा आणि डोक्याचा असे तीन वेगवेगळे आयत उमटतात, प्रत्येक दोनदा. सहा पृष्ठं मुलं स्वतःच मोजतात. वाटीच्या तोंडाचा ठसा गोल. भेंडी आडवी कापली तर बहुतेक वेळा पाच कोपऱ्यांचं फूल.

७. आकारांची नावं

आता नावं द्या. आपल्या भाषेने अर्धं काम करून ठेवलंय: त्रि-कोन, चौ-कोन, पंच-कोन, षट्-कोन. नावातच कोपरे मोजलेले आहेत.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला, चौकोन आणि चौरस. घराघरांत चौरसालाच चौकोन म्हणतात आणि मग आयत दाखवला की मूल म्हणतं, हा चौकोन नाही. तुम्ही नीट बोला: चार सरळ बाजूंचा बंद आकार तो चौकोन. आयत चौकोनच, चौरसही चौकोनच, शंकरपाळीही चौकोनच. इंग्रजी माध्यमात 'स्क्वेअर, रेक्टँगल' ही जणू दोन शत्रू घराणी असल्यासारखी शिकवली जातात, तसं करू नका. व्याख्या पाठ करायला लावू नका, फक्त बोलताना चुकू नका.

दुसरा खड्डा, 'पडलेला' त्रिकोण. नेदरलँड्समधल्या व्हॅन हीले दांपत्याने १९५७ मध्ये आपल्या प्रबंधांत मांडलं की मूल आधी आकार अख्खा बघून ओळखतं आणि बाजू-कोपरे असे गुण पाहणं ही त्यापुढची पायरी. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्या जातींचे त्रिकोण दाखवा: लांबोडा, चपटा, टोक खाली, टोक बाजूला. वारली चित्रातलं माणूस बघा: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वरचा उलटा, खालचा सुलटा. मुलांना ती माणसं काढू द्या. उलटा त्रिकोण तिथे छाती होतो, मग त्याला कुणी पडलेला म्हणत नाही.

तिसरा, 'त्रिकोणासारखं' आणि 'त्रिकोण'. घडीची पोळी करताना मुलाला जवळ बसवा. लाटली की गोल. तेल लावून दुमडली की अर्धगोल. पुन्हा दुमडली की तिकोनी. आता विचारा, हा त्रिकोण झाला का? कोपरे तीन आहेत, मोजा. पण बाजूंवरून बोट फिरवा: दोन सरळ जातात, तिसरी वळते. सरळ नाही म्हणजे त्रिकोण नाही. पोळी पुन्हा लाटताना ती हळूहळू गोलाकडे जाते, तेही बघू द्या.

८. हरभरे आणि काड्या

सगळ्या कृतींमधली माझी सगळ्यात आवडती ही आहे. मटार आणि काड्यांनी आकार जोडणं फ्रोबेलच्या साधनांतही होतं. आपल्याकडे हरभरे सोपे पडतात. मात्र ते पुरते भिजलेले हवेत. कमी भिजले तर फुटतात, आणि मोड आलेले असतील तर काडी धरून ठेवत नाहीत.

तीन काड्या, तीन हरभरे: त्रिकोण. चार काड्या, चार हरभरे: चौरस. दोन्ही मुलाच्या हातात द्या आणि काहीच बोलू नका. थोड्याच वेळात मूल चौरस दाबतं आणि तो तिरका होऊन शंकरपाळी होतो. सोडलं, उलट दाबलं, पुन्हा चौरस, मग दुसरीकडे कललेली शंकरपाळी. त्रिकोण दाबला तर हलत नाही. जोर लावला तर काडी मोडेल किंवा हरभरा फुटेल, पण आकार बदलणार नाही.

आता विचारा, चौरसाचं हलणं कसं थांबवशील? बाजूच्या काडीएवढी काडी आत तिरपी पुरत नाही, हे मुलांना करून बघितल्यावर कळतं. थोडी लांब काडी शोधावी लागते. ती समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत बसवली की चौरस गप्प उभा राहतो आणि त्यात दोन त्रिकोण दिसतात. मग बाहेर जाऊन घराच्या छपराची कैची दाखवा, लाकडी फाटकावरची तिरपी पट्टी दाखवा. सुतार ती पट्टी का मारतो, हे पाच वर्षांचं मूल त्या दिवशी तुम्हाला सांगतं.

तयार आकार सावलीत दोन दिवस ठेवले की हरभरे वाळून काड्या घट्ट धरतात. तिथून पुढे घरं आणि मनोरे होतात.

९. डावा-उजवा सगळ्यात शेवटी

स्वतःचा डावा-उजवा हात पक्का व्हायला बऱ्याच मुलांना सहा-सात वर्षं लागतात आणि समोरच्या माणसाचा त्याहून पुढे. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला रागावू नका. "जेवायचा हात उजवा" हेही म्हणू नका, वर्गात डावखुरं मूल असतंच. उजव्या मनगटाला एक रंगीत दोरा बांधा, काम होतं.

ताईंनी लक्षात ठेवायचं: मुलांसमोर तोंड करून आपला उजवा हात वर केला, तर मुलं आरशासारखी डावा वर करतात. मुलांकडे पाठ करून उभं राहा. चपला-बूट उलटे घालण्यावर उपाय म्हणजे एक चित्र मधोमध कापून अर्धं अर्धं दोन्ही बुटांत चिकटवायचं. चित्र जुळलं की बूट बरोबर लागले.

१०. आता कागद

उभी, आडवी, तिरपी रेघ आणि अर्धगोल एवढं आलं की देवनागरीचं बहुतेक सामान हातात आलं. शिरोरेघ आडवी, काना उभा, मात्रा वर तिरपी, उकार खाली. 'कि' लिहिताना वेलांटीची रेघ क-च्या डाव्या बाजूला, 'की'मध्ये उजव्या. जागेचे शब्द येणाऱ्या मुलाला हे सांगता येतं.

ठिपक्यांच्या रांगोळीने सुरुवात करा, तीन ठिपक्यांच्या तीन ओळी. ठिपके जोडून किती चौरस होतात? चार लहान लगेच सापडतात. पाचवा, बाहेरचा मोठा, थोड्या वेळाने. सहावा लपलेला असतो: चारही बाजूंच्या मधल्या ठिपक्यांना जोडणारा तिरका. तो सांगू नका. माझ्याकडे तो कधी दोन दिवसांनी सापडला आहे आणि सापडवणाऱ्या मुलाने सबंध बालवाडीला हाताला धरून नेऊन दाखवला आहे.

मुलाला किती आलं ते कसं बघायचं

तक्त्यासमोर उभं करून विचारू नका. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. दोघांसमोर सारख्याच वस्तू ठेवा: डबा, वाटी, चमचा, काडेपेटी, बांगडी. पाचपेक्षा जास्त नकोत. एकाने मांडायचं आणि सांगायचं, दुसऱ्याने ऐकून तसंच मांडायचं. आधी दोघांची तोंडं एकाच दिशेला असलेलं बरं, म्हणजे एक पुढे आणि एक त्याच्या मागे बसवा. पाठीला पाठ नंतर.

गेल्या पावसाळ्यात असेच दोघे बसले होते. सांगणारा म्हणाला, "बांगडी तिकडे ठेव." मागून आवाज आला, "तिकडे म्हणजे कुठे? मला तुझा हात दिसत नाही." सांगणाऱ्याने बांगडीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, ओठ मिटून थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "डब्याला टेकवून उभी कर. आणि आता चमचा तिच्या आतून घाल."